डोंगराची सायकल

पहाटे पाच दहाची बस बंद झाली.
थांब्यावर नुसता एक कागद, पावसानं अर्धा पुसलेला.
माझी पाळी सहाला. हॉस्पिटलच्या तळमजल्यावर
रक्ताच्या नळ्या ओळीनं उभ्या असतात,
त्यांना बसचं काय सांगणार?

म्हणून वॉकलीच्या चढावर, हिंचक्लिफबाईंच्या तळघरातून
ही सायकल आणली. पंचवीस पौंड, आणि एक अट :
चालती झाली की ग्लेनसाठी फोटो.
ग्लेन त्यांचा मुलगा. पर्थला असतो.
नातवंडं तिकडे पोहायला शिकली.
बाईंनी ती फक्त फोनच्या काचेत भिजताना पाहिलीत.

वीस वर्षं हिला उजेड नव्हता.
चाकांवर जाडजूड रबरी दात, दातांत चिखल,
नखानं टोकरला तर आतून एक काटकी निघाली,
शेफील्डच्या वरच्या माळावरचं काहीतरी,
जांभळं फुलणारं.

पहिल्या दिवशी डांबरावर काढली तर
घर्रर्र, जात्याला टाकी लावावी तसा आवाज.
आणि पेडल मारावं की पुढचा शॉकअप खाली बसायचा.
दर पावलाला नमस्कार करणारा माणूस
पोचणार कधी?

मग जेवणघरात वर्तमानपत्रं अंथरली.
टायर उतरवताना दोन चमचे वाकले.
अब्दीरहमानच्या दुकानातून बारीक, गुळगुळीत टायर आणले,
ताठ चिमटा, मडगार्ड, डब्यासाठी कॅरिअर.
तो म्हणाला, दात काढलेस म्हातारीचे,
आता कवळी सांभाळ. हवा बघत जा.

सगळं झालं. सीट खाली येईना.
ग्लेन सहा फूट दोन. मी पाच, चपला धरून.
नळीत नळी गंजून एकजीव.
तेल पाजलं. उलटी टांगली. किटलीतलं आधण ओतलं.
शिव्या दिल्या, मराठीतच,
इंग्रजीतल्या अशा वेळी अंगाला लागत नाहीत.
तिसऱ्या रात्री, साडेअकराला,
कर्र. बोटभर.
मी पाना टाकून फरशीवर बसूनच राहिले.

नळीवर एक कडं होतं, तांबूस,
एवढी वर्षं ती जिथवर आत रुतली होती तिथलं.
सीट दाबत गेले तसं ते
आत गेलं. दिसेनासं झालं.

आता ती बोलत नाही.
नीपसेंडच्या पुलावर खाली डॉन नदी आहे
हे मला चार वर्षांनी, कानांनी कळलं.
चढावर मात्र दोघींचा दम एकच,
आणि बेकरीचा माणूस
ट्रे उतरवता उतरवता हात करतो.

खोड गेली नाही. फुटपाथची कड दिसली
की पुढचं चाक उचलू बघतं.
एका रविवारी मी तिचं ऐकलं,
कुरणातल्या ओल्या वाटेवर वळवली.
दात नव्हते, कशाला धरणार?
कोपर सोललं, डबा उघडला,
आणि यॉर्कशरच्या गवतात
लसणाची चटणी. एक मेंढी येऊन हुंगून गेली.

काल दाखवायला घेऊन गेले.
बाई पायरीवर आल्या, चष्मा पुसला,
दूधवाल्याची करून टाकलीस की गं!
हसल्या, खोकला येईपर्यंत हसल्या.
मग सीटवर ठेवायला हात पुढे केला.
हात सवयीनं उंच गेला,
तिथं काही नव्हतं.
थोडा वेळ तो तसाच, हवेत.
मग खाली आला, माझ्या सीटवर,
आणि त्यांनी ती दोनदा थोपटली.

जुने टायर टाकू नकोस, म्हणाल्या.
मी ते तळघरात खिळ्याला अडकवले.
फोटो राहिलाच.